चौकातल्या फ्लेक्सवरचा माझा पगार

आमच्या उचगावात कशाचाही फ्लेक्स लागतो. वाढदिवसाचा लागतो, सोसायटीच्या निवडणुकीचा लागतो, शर्यतीत पहिला आलेल्या बैलाचा तर बैलापेक्षा मोठा लागतो. माझा लागला तो नोकरीचा. माझ्या कॉलेजनं ऐन अ‍ॅडमिशनच्या दिवसांत चौकात लावलेला. ओळखपत्रावरचा माझा फोटो, खाली मटेरियल्स इंजिनिअरिंग आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'वार्षिक पॅकेज सहा लाख'. मला तेव्हा महिन्याला सोळा हजार मिळत होते.

एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मी लागले होते. भट्टीतल्या लोखंडाचा नमुना तपासायचा, कार्बन-सिलिकॉन बरोबर असेल तरच साच्यात ओतायला सांगायचं, हे काम. माझ्याबरोबरच पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजचा मुलगा लागला. मशीन एक, पाळी एक, रिपोर्टवर सही कधी त्याची, कधी माझी. सहा लाख त्याला होते. मी विचारायला गेले तर कंपनीचे साहेब चहा ढवळत म्हणाले की तुमच्या कॉलेजला आमचा दर एवढाच आहे. दर म्हणे! उसाच्या दरासाठी हायवे अडवणारी आमची माणसं पोरापोरींचा दर मात्र मुकाट घेतात.

फ्लेक्सचा जाब विचारायला मी सुट्टी टाकून कॉलेजात गेले. नोकऱ्यांचं बघणाऱ्या सरांना लाज वगैरे काही वाटली नाही. त्यांनी मला समजावलं की त्या कंपनीत त्या जागेला सहा लाख देतात हे खरंच आहे, मग आम्ही खोटं काय लिहिलं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पगार त्या पोराचा आणि तोंड माझं. फ्लेक्स उतरवा म्हटलं, तर अ‍ॅडमिशन संपल्या की उतरवू म्हणाले.

घरी वेगळीच तऱ्हा. वडील डेअरीला दूध घालायला जाताना वाट वाकडी करून चौकातून जायचे. पाव्हण्यांचे फोन यायचे, ते वडील आवाज मोठा करून घ्यायचे.

मग एके संध्याकाळी शेजारचे काका पेढे घेऊन आले. त्यांच्या मुलीला बाहेरगावच्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली होती. ती जागा सोडून ते माझ्या कॉलेजात, माझ्याच शाखेची फी भरणार होते. चौकातलं बघून ठरवलं म्हणाले. सरकारी जागा पक्की करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

मी म्हटलं, "काका, ते खोटं हाय. मला महिन्याला सोळा हजार मिळत्यात. पोरीला सरकारी कॉलेजातच घाला."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आमची पोरगी तुझ्या फुडं जाईल म्हणून सांगायलीस व्हय?"

मी वडिलांकडे बघितलं. दर महिन्याला पगार मी त्यांच्याच हातावर ठेवत होते. सोळा हजार किती असतात हे या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

वडील म्हणाले, "ती खरा पगार कुणाला सांगत न्हाय. नजर लागती म्हणती."

काकांनी समजल्यासारखी मान हलवली, आग्रहानं सगळ्यांना पेढे दिले आणि गेले. मी वडिलांकडे वळले. असं का बोललात म्हणून विचारलं, तर वडील खाली बघत म्हणाले, "चारचौघांत माझी काय ऱ्हायली असती?"

"आणि त्या पोरीचं काय ऱ्हाईल?"

ते उठून गोठ्यात गेले. काकांनी सकाळी माझ्या कॉलेजची फी भरली.