चुन्यातला ओळंबा

चिमट्यानं उचलला त्यांनी माझा ओळंबा. चुलीतले निखारे उचलायचा लांब चिमटा. ज्यांचं घर आम्ही बांधत होतो त्या वकीलसाहेबांच्या भाच्यानं तो त्यांच्या शेजारच्या भाड्याच्या घरातनं आणला, पूजेच्या तबकातनं ओळंबा उचलला आणि हात लांब धरून अंगणातल्या चुन्याच्या खड्ड्यात सोडला. चुना सकाळीच विझवायला घातला होता. अजून बुडबुडे येत होते. पितळेचा गोळा त्यात बुडाला, मागनं दोरी गेली. मग त्यानं चिमटाही तिथंच टाकून दिला. चिमट्यालाही विटाळ झाला होता.

मी पाच पावलांवर उभा होतो. लाजेनं कान तापले होते आणि खाली बघत होतो, चोरी माझीच असल्यासारखा.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ चढतेय की झुकतेय ते त्यावरनं कळतं. माझा ओळंबा बापानं जुमेरात बाजारातल्या जुन्या सामानाच्या ढिगातनं हुडकून आणला होता. बापाचा एक डोळा चुना उडून गेलेला. गाव सोडून हैदराबादला आल्यापासनं त्यानं लोकांच्या बांधकामावर घमेलीच वाहिली. थापीला हात लावू दिला नाही कुणी. ओळंबा माझ्या हातावर ठेवून तो म्हणाला होता, "म्या वाह्यलं. तू रच."

मल्लय्या मेस्त्रीच्या हाताखाली माझं तिसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी चुना कालवायचा, विटा भिजवायच्या. मग हळूहळू भिंतीच्या मधल्या विटा. कोपरा नाही. कोपरा मेस्त्री स्वतः उठवतो, कारण कोपरा चुकला की अख्खी भिंत चुकते. ज्या दिवशी मेस्त्री शिकणाऱ्याला कोपरा देतो त्या दिवशी तो गवंडी होतो. तोवर हमाल.

मल्लय्या मला मरहट्टा म्हणायचा. "ए मरहट्टे, पानी मार." कामावरचे सगळेच तेलुगू गवंडी म्हणायचे. त्यांच्यात जात नव्हती असं नाही. एकमेकांची त्यांना बरोबर कळायची. पण माझं मराठी ऐकून मी कुठल्या वाड्यातला हे काय कळणार त्यांना? मल्लय्यानं कधी खोदून विचारलं नाही. तीन वर्षं एका मडक्यातलं पाणी प्यालो. महारवाड्यातलं पोर बोलताना जपून बोलतं. माझी ती सवयच मोडली होती.

मग सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत वकीलसाहेबांच्या घराचं काम मिळालं. ते वर्ष राज्य फुटायचं. निजामाच्या मुलखाचे तीन तुकडे होणार, आमचा मराठवाडा मुंबईकडं जाणार, हे ठरून गेलं होतं. संध्याकाळी वकिलांच्या अर्ध्या बांधलेल्या ओट्यावर चार मराठी माणसं जमायची. वकील म्हणायचे, "भाषा एक तर माणूस एक. आता आपला मुलूख आपल्या हातात." मी चुना कालवता कालवता ऐकायचो आणि खरं सांगतो, छाती फुगायची. त्या 'आपला'मध्ये मी पण आहे असं वाटायचं. गाढव होतो.

पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून ते थांबले होते. "कुठला रे तू?" मी म्हणालो, नांदेडकडचा. "अरे, आपलाच पोरगा की," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मल्लय्याला बजावलं होतं, ह्याला नीट शिकव. मालकाची मर्जी बघून मल्लय्यानं मला कोपरा दिला. देवघराचा. कंबरेएवढा उठवला मी तो. दर विटेला ओळंबा लावून. रात्री पडल्या पडल्या बापाला सांगितलं तर तो उठूनच बसला.

दोन दिवसांनी मुख्य दाराची चौकट बसवायची होती. चौकटीची पूजा झाली की मेस्त्रीच्या हत्यारांची पूजा होते. थापी, काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा तबकात मांडतात. मल्लय्याचा ओळंबा लोखंडी, गंजलेला. तो म्हणाला, "तेरा पीतलवाला दे रे, अच्छा दिखता." मी राखेनं घासून लख्ख करून दिला. वकिलीणबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. कौतुकानं विचारलं, "कुणाचा हो हा? किती छान आहे."

मल्लय्यानं माझ्याकडं बोट केलं. बाईंनी मला जवळ बोलावलं. चांगल्या मनानंच बोलावलं, ते मी आजही कबूल करतो.

"गावाकडं वडील काय करायचे रे?"

"येसकरकी," मी म्हणालो.

मल्लय्याला तो शब्द कळला नाही. तो हसतच होता. वेशीवर राखण करायची, गावात हाळी द्यायची, घरोघरची भाकरी मागून आणायची, हे काम कुणाच्या गळ्यात असतं ते तिथं फक्त त्या घरच्या माणसांना ठाऊक होतं. बाईंनी हात पदराला पुसले. दोनदा पुसले. वकिलांनी भाच्याकडं बघितलं, आणि भाचा चिमटा आणायला गेला.

ओळंबा चुन्यात गेल्यावर वकिलांनी मल्लय्याला विचारलं, "देवघराची भिंत कुणी रचली?"

"कोना इसने उठाया, साब."

"उतरवून घ्या. त्याच्याच हातानं. मग गोमूत्र शिंपडून घेऊ."

मल्लय्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी त्या कोपऱ्यापाशी गेलो. वरची वीट धरली. चुना अजून ओला होता, वीट सहज निघाली असती. ती धरलेली असताना काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. बाप अंथरुणात उठून बसलेला दिसला. हात वीट सोडेना आणि काढेनाही.

मी म्हणालो, "ओळंबा लावा. वाकडी असेल तर उतरवतो."

मल्लय्यानं आपला ओळंबा पुढं केला नाही. मग मी अंगणात गेलो, खड्ड्यापाशी बसलो आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चुना भाजतो म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. तळाला चाचपत बसलो. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. दोरी बोटाला लागली तशी ओढून काढली आणि तो पांढरा गोळा भिंतीला लावून धरला. भाजलेल्या बोटांत दोरी ठरेना म्हणून तो हलायचा थांबेना. मल्लय्या पुढं आला. त्यानं माझ्या हातातनं दोरी घेतली, एक डोळा मिटून खालपर्यंत बघितलं.

"सीधी है, साब."

वकील चिडले नाहीत. ओट्यावर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "असेल सरळ. प्रश्न तो नाहीच. तू मराठी आहेस, तुला हे सांगावं लागू नये."

"मी उतरवणार नाही," मी म्हणालो. ओळंबा घेतला आणि बाहेर पडलो.

चादरघाटच्या आमच्या झोपडीपर्यंत पोचेस्तोवर कातडी सोलायला लागली होती. आईनं गोडं तेल लावलं. बाप माझ्या हाताकडं बघत राहिला आणि मग ओरडला, "उतरव म्हन्ले तं उतरवायची व्हती. भिंत काय आपली व्हती? जा, पाय धर त्येंचे." आयुष्यात पहिल्यांदा मला बापाचा राग आला. भिंत त्यांची होती, कबूल. ती सरळ होती, ते माझं होतं. पण हे त्याला सांगावं तर त्याच्या एका डोळ्यातनं पाणी गळत होतं.

मल्लय्या चौथ्या दिवशी आला. कोपरा त्यानं स्वतः उतरवून पुन्हा रचला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाहर का काम कर. तगारी उठा. थापी नक्को. मैं क्या करूँ रे, मेरे भी बच्चे हैं." तो दुष्ट नव्हता. म्हणून जास्तच खचलो. बापाचं आयुष्य तो माझ्यापुढं ठेवत होता, घमेल्यासकट. मी नको म्हणालो. बाप भिंतीकडं तोंड करून झोपला.

पुढचे दिवस वाईट गेले. हात चिघळला. घरात दोन वेळची चूल पेटेना. मराठी घरांतल्या ट्रंका स्टेशनाकडं जात होत्या, लोक आपल्या राज्यात निघाले होते. आमचं कुठं जायचं? गावात वेस होतीच आमची वाट बघत. एकदा संध्याकाळी नदीवरच्या पुलावर उभा राहिलो आणि ओळंबा पाण्यात टाकून द्यावा असं मनात आलं. नुसता ओळंबाच नव्हे, हेही लिहून ठेवतो.

टाकला नाही. तिथंच उभं राहून विचार केला. वकिलाकडं माझी जात बाहेर पडली ती मी रचून झाल्यावर. म्हणून त्यांना उतरवता आलं. म्हणजे आता ती आधी बाहेर पडली पाहिजे. माझ्या तोंडानं.

हाताची जखम भरून आल्यावर कोठी मोहल्ल्यात एक काम चाललं होतं तिथं गेलो. मेस्त्री दुकानांच्या ओळीचा पाया आखत होता. मी थापी मागितली नाही. कुणी विचारायच्या आत म्हणालो, "बाप येसकर. जात महार. कोपरा रचता येतो. हात लावू द्यायचा नसेल तर आत्ता सांगा. रचलेलं मी उतरवणार नाही."

तो नको म्हणाला.

पलीकडच्या गल्लीत आणखी एक पाया खणत होते. तिथं गेलो आणि तेच सांगितलं.