दगडी इमारतीतलं प्लेगचं वर्ष

ठाण्याच्या बाजारातल्या आमच्या दगडी इमारतीचं लोक आता कौतुक करतात. खांब काय, जिना काय! मी तिथे वरच्या मजल्यावर लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. अर्ज विसरलो, किस्से तेवढे साठत गेले. त्यातले निम्मे एकट्या प्लेगच्या वर्षातले! ते आठवले की हसू येतं, पण सगळेच हसण्यासारखे नाहीत.

प्लेगात आधी उंदीर मरतात, मग माणसं. म्हणून तेव्हा नियम असा होता: आत आजारी माणूस किंवा मेलेला उंदीर सापडला, की इमारतीला कुलूप आणि सगळ्यांची रवानगी गावाबाहेरच्या झोपड्यांत! खाली धोंडूशेठचं धान्याचं दुकान. दुकानामागच्या खोलीत त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. "तिला तिकडे नेलं तर काय हो होईल?" असं ते मला रोज विचारायचे.

*

माझ्या शेजारी बापू शिंपी. प्लेगचे डॉक्टर काखेत गाठ चाचपतात, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालेलं. एक मास्तर कोट शिवायला आले. बापूनं मापासाठी काखेतून फीत घातली मात्र, मास्तर किंचाळले, "गाठ नाहीये हो!"

अर्धी इमारत रस्त्यावर! मास्तर सर्वांत पुढे. कोट राहिला तो राहिलाच.

*

कोलशेतचा लहानू हमाल जिन्यापाशी पोत्यासकट कोसळला. सगळे दहा हात मागे! मी वरूनच ओरडलो, "लहानू, ताप आहे का रे?"

"ताप नाय, शेट! पाय घसरला! कुनी तरी हात द्या!"

कुणी दिला नाही. मीही नाही. आपला आपणच उठला बिचारा. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

*

अखेर तपासणीचे डॉक्टर आले. धोंडूशेठनी भिंतींना चुना दिलेला, फरशी घासून लख्ख केलेली. डॉक्टर खूश दिसले, तसा शेठना धीर आला.

"मेलेला उंदीर वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अहो, मेलेला कसला, जिवंतसुद्धा औषधाला नाही! पूर्वी पोतं हलवलं की दहा पळायचे. आता चार दिवस झाले, साधी खुडबुड नाही, साहेब!"

डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं.

"मांजर पाळलंय?"

"छे हो!"

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि मागच्या दाराकडे बोट केलं.

"त्या खोलीत कोण राहतं?"