फिट येते? लाजू नका

शनिवारी दुपारी आमच्या दुकानात एवढी माणसं का जमली, हे मला आधी कळेचना. त्यातून प्रत्येकाच्या काखेत एकेक पँट.

आमचे हे शिंपी. यांची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांची ताई, दुकानातच पडद्यामागे बसून काजं-बटणं करते. तिचा हात यांच्यापेक्षा सफाईदार आहे, पण हे कबूल करतील तर शपथ! तिला लहानपणापासून फिट येते. कुणी पाहिलं तर गिऱ्हाईक तुटेल, म्हणून यांनी मध्ये जाडजूड पडदा लावलेला. पुढच्या मशीनवर, उजेडात बसायचं, एवढंच ताईचं मागणं. हे दर वेळी म्हणायचे, "उद्या बघू."

मग दवाखान्यातली नर्स आली. फिटबद्दल गल्लीतल्या लोकांशी बोलायचंय, दुकानात जागा द्या म्हणाली. हे नकार द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात पडद्यामागून ताईच "हो" म्हणाली. नर्सने दारावर कागद चिकटवला: 'फिट येते? लाजू नका, लपवू नका. शनिवारी दुपारी इथे या.'

आता शिंप्याच्या दारावर हे वाचून माणूस काय समजणार?

"कमरेत फिट येते हो," बेकरीवाले काका पोटावर हात ठेवून म्हणाले. "लाजू नका लिहिलंय, म्हणून आलो."

नर्स चक्रावली. "कमरेत? मग शुद्ध हरपते का?"

"जेवून बसलो की तेवढंच बाकी असतं."

हे सवयीने टेप काढून काकांची कंबर मोजायला लागले. नर्स कागदाकडे बघतेय, लोक नर्सकडे बघतायत. मला तर हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात पडद्यामागे धप्पकन आवाज झाला. हे धावले, पण कशाला? पडदा नीट ओढून घ्यायला! मला असा संताप आला की मी तो पडदा दांडीसकट खाली ओढला. ताई जमिनीवर पडलेली, अंग ताठ, हातपाय झटके देत होते. एकच गलका झाला. कुणी म्हणे चमचा आणा, कुणी म्हणे हात धरा.

"तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका," नर्स घड्याळाकडे बघत म्हणाली. "ती कात्री उचला. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. पाच मिनिटांत थांबली नाही, तर दवाखान्यात न्यायचं."

काकांनी काखेतली पँट घडी करून पुढे केली. झटके लवकरच थांबले. नर्सने ताईला कुशीवर वळवलं. यांच्या गळ्यात टेप तसाच लोंबत होता.

थोड्या वेळाने ताईने डोळे उघडले. "पडदा कुठाय?"

तिची बोटं डोक्याखालच्या पँटवरून फिरली. "ही कुणाची?"

"माझी," काका म्हणाले. "फिट येते."

ताईने पँट कमरेपाशी चाचपली. "मलापण."

कुणी हसलं नाही. काका तिच्याजवळ खाली बसले. "मग बरं वाटलं की तुम्हीच सैल करून द्या. मला घाई नाही."

हे पुढे आले. "ताई, आज पडून राहा. उद्या पुढच्या मशीनवर बस."

"तुझं कुठलं उद्या?" ताईने विचारलं.

यांनी खाली पडलेला पडदा उचलला, टेबलावर पसरला आणि पुढच्या खुर्चीचं माप घेऊन त्यातून तिच्यासाठी गादी बेतायला घेतली.