बंदुकीसाठी वाईस

वडिलांचा डावा हात अर्धांगवायूनं अधू झाला आणि घरात वाद सुरू झाला तो बंदुकीवरून. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली एकनळी बंदूक. मक्यात रानडुकरं घुसली की वडील बांधावरून हवेत बार काढायचे, एवढाच तिचा उपयोग. भाऊ म्हणाला, आता ठाण्यात जमा करून टाकू, उगाच जिवाला घोर. वडील म्हणाले, जोवर ती माझ्या हातानं साफ होते तोवर माझी. मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले आणि भावाशी कडाडून भांडले. एक हात गेला म्हणून माणसाचं सगळंच काढून घ्यायचं का? आमचं बोलणं बंद झालं ते तिथून.

पण साफसफाई काही जमेना. निवडणुकीसाठी ठाण्यात ठेवलेली बंदूक नुकतीच परत आल्ती, नळीत गंजाची लव धरलेली. वडील ती गुडघ्यांत दाबून एका हातानं गज घालायला बघायचे आणि ती निसटून फरशीवर आपटायची. आत काडतूस नाही ना, हे ते आधी पाहायचेच, तरी आवाज आला की मी हातातलं टाकून धावायचे. मंग मीच म्हटलं, टेबलाला वाईस बसवू. वर्कशॉपात लोखंड घट्ट धरून ठेवतात तो. तो धरील, तुम्ही पुसा.

जालन्यात आम्ही दोघं दुकानात गेलो. हे गाव सळईचं, इथं लोखंडाची पारख वजनावर. मीही इथलीच. सगळ्यात जड वाईस मी दोन्ही हातांनी जेमतेम उचलला आणि हाच बांधा म्हणाले. दुकानदारानं कशाला पाहिजे विचारलं, मी सरळ सांगितलं, बंदूक साफ करायला. झालं, सगळी गिऱ्हाइकं वळून माझ्याकडं बघायला लागली. बाईमाणूस आणि बंदूक म्हणजे जणू तमाशाच. बघा बाबांनो, पोटभर बघा.

वडिलांनी मात्र वाईसच्या जबड्यावरून अंगठा फिरवला. आतून दातेरी होता. तू काय सळई धरून राह्यली का, बंदुकीचा भुगा करशील, असं मला सुनावलं. पाहुण्यांना द्यायला पिशवीत मळ्यातली मोसंबी होती. त्यातली एक काढून ते एकेका वाईसमध्ये धरायचे आणि उजव्या हातानं दांडी फिरवायचे. कुठली दांडी झटका द्यायची आणि रस टपकायचा. तो वाईस बाद. दुकानदार आधी हसला, मग फडकं घेऊन पुसत बसला. शेवटी गुळगुळीत जबड्याचा, मधल्या मापाचा एक निघाला. मोसंबी त्यात बराबर घट्ट बसली आणि थेंबही सुटला नाही. आजारपणानंतर वडील पहिल्यांदा मोकळं हसले. मला इतकं बरं वाटलं की माझी निवड हरली याचं काहीच वाटलं नाही.

घरी जबड्यांना लावायला मी जुन्या चपलेचं चामडं आणलं तर वडील भडकले. दसऱ्याला जिची पूजा करतो तिला पायातलं लावतेस? मग कमरेचा जुना पट्टा कापून लावला. लाकडी दस्ता वाईसमध्ये धरला, गज, चिंध्या, तेल मांडलं, आणि सकाळभर वडील एका हातानं काम करत राहिले. भाऊ दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडं मुद्दाम बघितलं.

नळी उजेडात आरपार लखलखली. वडील कितीतरी वेळ तिच्यावर तळवा ठेवून उभे होते.

"बघ माय, किती गप उभी हाये," ते म्हणाले. "माझ्या हातात ती आता अशी राह्यत न्हाई. बार भलतीकडंच जायचा. बांधापल्याड लोकांची लेकरं असतात. उद्या ठाण्यात देऊन टाकू."

मला आधी त्यांचाच राग आला. यांच्यासाठी मी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. मग त्यांचा तेलकट हात मी चिंधीनं पुसत बसले. दारातून भावानं हळूच मलाच विचारलं, गाडी किती वाजता काढू.