शब्बीरभाईंच्या विहिरीतील वाम

ही फजिती माझ्याच तोंडून ऐका. शब्बीरभाई सांगतील तेव्हा तीत मीठमसाला अधिक असेल.

दहिवलीस आमच्या शेजारी त्यांची विहीर आहे. पाणी निवळ राहावे म्हणून विहिरीत मासे सोडण्याची आमच्याकडे जुनी रीत. त्या सकाळी मी सहज डोकावलो आणि थबकलो. कपारीतून एक काळे, लांबोडके जनावर डोके काढून तोंड उघडत होते, मिटत होते!

योगायोग पाहा. आदल्याच दिवशी मी एक लेख वाचला होता. समुद्रकाठच्या गुहांत राहणारी एक लहानशी वाम, म्हणजे सापासारखा लांबट मासा. अंधारात राहून राहून त्या जातीचे डोळे अगदी बारीक झालेले. वाचला म्हणजे खिडकीशी बसून, भिंग धरून. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सौ.ने शस्त्रक्रियेचे नाव काढले की मी विषय बदलत असे. चौथीत शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते याच दोन डोळ्यांनी वाचून. त्यांना शस्त्र लावू द्यायचे? आणि काही बिघडले तर?

असो. शब्बीरभाई पंपाचे बटण दाबणार, तोच मी ओरडलो, "थांबा! दुर्मीळ जीव आहे!"

"कुठं हाय, नाना?"

"त्या कपारीत. गुहेतली वाम! डोळे पाहा किती बारीक!"

"ती समुद्रातली ना? हितं कशी येल?"

"कातळाच्या पोटातून वाट असणारच."

हंडे घेऊन आलेल्या बायका ताटकळल्या; त्यांत आमची सौ.ही होती. "नाना, आमी पानी कवा भरायचं?" मी मात्र काठावर उभा राहून निसर्गाचे नियम समजावीत होतो. डोळे वापरात नसले की ते कसे क्षीण होत जातात, वगैरे.

अखेर शब्बीरभाईंनी गळ टाकून ती वाम वर ओढली.

सायकलची ट्यूब! तिचे फाटके टोक पाण्याबरोबर उघडझाप करीत होते.

"नाना, बारीक डोळ्यांचं जनावर घावलं बरं का," शब्बीरभाई म्हणाले. "फकस्त ते हिरीत नाय, काठावर हाय!"

हसता हसता मंडळींची पुरेवाट झाली. सौ. तेवढी हसली नाही.

मी मान खाली घालून तिला हळूच विचारले, "खोपोलीचे ते डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात?"

"गुरुवारी. फोन करून नाव घातलंय तुमचं."

"कधी?"

"तुम्ही त्या ट्यूबचे डोळे दाखवत होतात ना, तेव्हाच."