कडुनिंबाच्या अलीकडचं अंतर

मुंजाजी गेल्याचा फोन नांदेडहून आला तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता तो मला विचारणार नव्हता, म्हणून सुटलो... आणि मग दिवसभर स्वतःचीच भीती वाटत राहिली.

मुंजाजी माझा शाळासोबती. मेंढरांमागं वाढलेला, काटक. नव्वदच्या दशकात आमच्या जवळा बाजारला तरुण मंडळानं शर्यत ठेवली. दहा किलोमीटरचीच, पण आमच्याकडे रस्त्यावरची कुठलीही शर्यत म्हणजे मॅरेथॉन. औंढ्याच्या वाटेनं जायचं, मधल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. पिंपाजवळ उभं राहून पळणाऱ्यांच्या मनगटाला वळल्याच्या खुणेचा दोरा बांधायचं काम माझ्याकडं होतं. मंडळानं मोटारसायकलवर अंतर मोजून मैलाच्या दगडापाशी चुन्याची रेघ मारली होती, पण तिथं सावलीचा टिपूस नव्हता. मी पिंप गडगडत अलीकडं आणलं, कडुनिंबाखाली. एवढंच केलं. सगळ्यांना सारखंच कमी पळायचंय, कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं. मुंजाजी अनवाणी पहिला आला. लाऊडस्पीकरवर त्याची वेळ पुकारली, म्हणाले, मराठवाड्यात असं कुणी पळालं नसेल. त्याचा बाप पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होता. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणालो. संध्याकाळी त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं...

त्या वेळेच्या भरवशावर तो मेंढरं भावाच्या हवाली करून औरंगाबादला सरावाला गेला. तेव्हा शर्यतींची तऱ्हाच बदलत होती. नाशिककडची पोरं बूट, घड्याळं, शिकवणारे घेऊन येत. गेल्या साली पहिला आलेला यंदा पहिल्या दहांतही नसे. मुंजाजी जीव तोडून पळे, पण जवळ्याची वेळ त्याला पुन्हा येईना. सुट्टीत माझ्या बियाण्याच्या दुकानात येऊन बसायचा. "गड्या, आंग जड पडून राहिलं. तवा पळालो तसं आता काहून पळता येईना?" मी पोत्याची शिवण उसवत म्हणायचो, "खाण्यात काही फरक पडला असंल." त्यानं भाकरी कमी केली. पुढच्या खेपेला गालफडं बसलेली. दुकानातलं कुणीतरी म्हणालं, "मुंजा, तुझ्यापरीस तुझा मेंढा बरा पळंल की!" तो हसला. मी आत जाऊन पाणी प्यालो.

खरी गोष्ट अशी, की तो दरवर्षी सुधारत होता. शेजारच्या गावांतल्या, नीट मोजलेल्या शर्यतींतल्या त्याच्या वेळा मी मनात लावून बघायचो. हे जगात फक्त मला कळत होतं. आणि तो समजत होता, आपण उतरणीला लागलो. शिकवणाऱ्यानंही शेवटी सांगितलं, तुझा तो एकच दिवस होता. तो परत आला, पुन्हा मेंढरांमागं लागला. शर्यतीचा विषय निघाला की मी गिऱ्हाईक आल्याचं सोंग करायचो.

यंदा कावीळ झाली, ती उतरलीच नाही. नांदेडच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे झालेले. माझा हात धरून म्हणाला, "तू व्हतास ना तिथं पिंपापाशी. तूच सांग, त्या दिशी माझ्यात असं काय व्हतं?" दारात कुणी नव्हतं. सांगायला त्याहून बरी वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, "वारं पाठीशी होतं, मुंजा."

"व्हय... वारं असंल," म्हणाला, आणि कुशीवर वळला.

तेराव्याला त्याची मुलगी सविता ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. कॉलेजकडून पळते. बापाचं घड्याळ तिच्या मनगटात सैल फिरत होतं. "काका, त्याच रस्त्यानं पळून राहिले मी. वळायचं तिथं चुना पुसला, पण मैलाचा दगड हाय, तिथूनच वळते. आप्पाच्या वेळेच्या जवळबी जाता येईना. सर म्हणतात चांगली पळतीस. कशाची चांगली? भाकर कमी करून बघते आता."

तेव्हापासून झोप उडाली आहे. ती पहाटे दुकानावरून पळत जाते, मला हात करते. मी शटर उघडत राहतो.

कडुनिंब अजून तिथंच आहे. रविवारी सविताला घेऊन त्या झाडापासून मैलाच्या दगडापर्यंत पायी जायचं आणि वाटेत सगळं सांगायचं. तुझा बाप कधीच मंदावला नव्हता, हे वाक्य मी त्याचं देणं लागतो.