सामाताची एक गोळी, लारिबाच्या दोन

सामाता नेइंदू (१९४९–२०१८) ही घानातील येंडी शहराजवळच्या एका गावात शिया नावाच्या झाडाच्या बियांचे लोणी काढणारी नामांकित बाई. बाहेरून घरात आलेली वस्तू प्रथम थोरल्या बायकोच्या पुढ्यात यावी आणि तिने तिची वाटणी करावी, ही त्या घराची रीत. थोरली म्हणून सामाताने ती आयुष्यभर कसोशीने पाळली, आणि एकदा तीच तिच्या अंगाशी आली.

उतारवयात तिचे आणि धाकटी सवत लारिबा हिचे गुडघे एकाच सुमारास धरले. दवाखान्यात तेव्हा सांधेदुखीवरील दोन औषधे ताडून पाहिली जात होती. चिठ्ठ्या टाकून सामाताच्या वाट्याला मेलॉक्सिकॅम आले, दिवसाला एक गोळी. लारिबाच्या वाट्याला डायक्लोफेनॅक, दिवसाला दोन.

"मला एक आणि हिला दोन?" सामाताने परिचारक याकुबूला विचारले.

"तुमची एकच दिवसभर पुरते, आई."

"पुरते हे तू सांगणार. गुडघा कुणाचा?"

परतताना लारिबा चार पावले पुढे चालत होती. सामाताला तेवढे पुरेसे झाले. घरी येताच तिने लारिबाची डबी मागवली आणि तिच्यातली एक गोळी रोज स्वतःसाठी काढून ठेवण्याचे ठरवले.

"घ्या, अक्का," लारिबा म्हणाली. "गुडघेही वाटून घेऊ का?"

पुढे सामाताच्या पोटात आग पडू लागली, तीही नेमकी लारिबाच्या स्वयंपाकाच्या पाळीत.

"भेंडीचा रस्सा आज काळपट दिसतो."

"तुमची नजर लागली असेल."

सामाता तिला आधी चाखायला लावू लागली. मग तिच्या हातचे खाणेच तिने सोडले. गोळ्या मात्र उपाशीपोटी चालूच राहिल्या. शौचाला काळे होऊ लागले, तेव्हा लारिबानेच तिला दवाखान्यात नेले.

"हिने काहीतरी घातलंय," सामाता याकुबूला म्हणाली.

"आज पोटात काय गेलं?"

"माझी एक गोळी, हिची एक. दुसरं काही नाही."

"आई, दोन्ही एकाच जातीची औषधं. पोटाला कमी कोणतं जाळतं, तेच आम्ही पाहत होतो. तुम्ही दोन्ही बरोबर घेतलीत, तेही रिकाम्या पोटी."

लारिबाने दोघींच्या डब्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

गोळ्या बंद झाल्या, पोटाचे औषध सुरू झाले आणि दोघींनाही त्या तुलनेतून वगळण्यात आले. कोणते औषध सौम्य ठरले, हे त्या घराला कधी कळले नाही. बरी होताच सामाताने साऱ्या घरासमोर लारिबाचा वाडगा मागून घेतला आणि निपटून खाल्ला. क्षमेचा शब्द मात्र तिच्याकडून यायचा राहूनच गेला.

सामाता गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आलेल्यांना वाढण्यापूर्वी लारिबाने रस्सा सर्वांदेखत आधी स्वतः चाखला.